ब संघाची दोन पानं

गावच्या क्रिकेट मंडळाची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा अ संघाला चौदा पानं मिळाली आणि आमच्या ब संघाला दोन. बैठकीत मी विचारलं, बाबांनो, दोनच का? तर एक जण म्हणाला, ब संघानं आजवर जिंकलंय काय? अलिबागला कोर्टाबाहेर टेबल टाकून मी पंचवीस वर्षं लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप करतोय, त्यामुळे गावात काहीही लिहायचं निघालं की सगळ्यांचं बोट माझ्याकडे. ती दोन पानं मीच लिहायची असं ठरवून मंडळी चहा पिऊन उठली. राग आला होता, पण नाही म्हटलं नाही. ब संघात मी तेवीस वर्षं कीपर आहे, त्यातली शेवटची अकरा वर्षं कॅप्टनही. माझ्याशिवाय लिहिणार कोण?

आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडे. वरची आळी भातशेतीवाल्यांची, खाली समुद्राला लागून कोळीवाडा. मी वरच्या आळीतला. अ संघ म्हणजे गावाची इभ्रत. अलिबाग, मांडवा, पार उरणपर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळतो, चषक आणतो, ते देवळाच्या सभामंडपात काचेच्या कपाटात बसतात. ब संघ म्हणजे उरलेले. आज शिकायला आलेले, उद्या सोडणारे, ज्यांची कारखान्यातली पाळी बदलते ते, ज्यांचं पोट सुटलंय ते. आणि आमच्यातला एखादा चमकला रे चमकला की अ संघ त्याला उचलतो. एकदा वर खेळला की त्या मोसमात त्यानं खाली यायचं नाही, हा मंडळाचा नियम. म्हणजे जो चांगला तो आमच्याकडे टिकायचाच नाही. वर पुन्हा आम्हालाच विचारतात, जिंकलंय काय!

जर्सीचंही तेच. अ संघाला दरवर्षी नवीन जर्सी शिवतात, पाठीवर ज्याचं त्याचं नाव छापलेली. त्यांच्या गेल्या वर्षीच्या जर्सी धुऊन आमच्याकडे येतात. त्यामुळे आमच्या पाठीवर आमची नावं कधीच नसतात. माईकवर बसणारा पोरगा पाठ वाचून बोलतो. माझ्या पाठीवर आजवर आठ-नऊ जणांची नावं होऊन गेली. एका वर्षी जावयाचं नाव सासऱ्याच्या पाठीवर आलं होतं, तेव्हा सासरा पाच बॉलांत शून्यावर गेला आणि जावयाला घरी बोलणी बसली. मी झेल घेतला की किनाराभर दुसऱ्याच कुणाचं तरी नाव गाजतं. हात मी वर करतो.

आणि आमचं मैदान तर रोज बुडतं. उन्हाळ्यात गावात सपाट जागा असते ती शेतात, तिथं ढेकळं. मग खेळायचं ते समुद्राची ओहोटी लागल्यावर, ओल्या घट्ट वाळूवर. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. मॅचची वेळ घड्याळावर ठरत नाही, तिथीवर ठरते. हिशेब सोपा आहे: तिथीला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती पूर्ण. त्यात सहा तास मिळवले की पूर्ण सुकती. सुकतीच्या आधी दोन तास स्टंप ठोकायचे आणि पाणी परत यायच्या आत उपटायचे. कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ असतं. आम्हा वरच्या आळीवाल्यांना मात्र तेव्हा ओ की ठो कळायचं नाही. पाण्याचं त्यांनी बघायचं, भाताचं आम्ही, अशी वाटणीच होती.

आता तो म्हातारा सांगायला हवा, कारण ब संघ म्हणजे तोच. माझ्या आधीचा कॅप्टन. मी खेळायला लागलो तेव्हा फार तर पन्नाशीचा असेल, पण सगळे म्हाताराच म्हणायचे. कोळी, स्वतःची होडी, पहाटे समुद्रात आणि दुपारी स्लिपमध्ये. बोलायचा कमी. झेल सुटला तर शिवी द्यायचा नाही, नुसता माझ्याकडे बघायचा, आणि मला शिवी परवडली असती. कोणी वर गेला की दोन दिवस कोणाशी बोलायचा नाही. त्यानं शिकवलं आणि अ संघानं नेलं, असे बारा-पंधरा तरी असतील. वर बोलावल्याचा निरोप अ संघाचा कॅप्टन ब संघाच्या कॅप्टनकडे द्यायचा, आणि त्यानंच आपल्या हातानं तो खेळाडूला पोचवायचा, हा आमच्याकडचा रिवाज. आता निरोपासोबत जर्सी देतात, तेव्हा अ संघाची निळी टोपी असायची. स्वतःचाच चांगला माणूस स्वतःच्या हातानं काढून द्यायचा. कुणी हा रिवाज पाडला देव जाणे, पण मोडला कुणी नाही.

माझ्याकडे ती टोपी एकदाच आली. तिसऱ्या वर्षी. म्हातारा संध्याकाळी घरी आला, टोपी दिली आणि म्हणाला, “उद्या द्वादशी. तीनला सुकती, एकला मॅच. जेवून जा.” मॅच खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर होती. त्या रात्री टोपी उशाशी घेऊन झोपलो, सांगायला लाज कसली! दुसऱ्या दिवशी आईनं बांगड्याचं कालवण केलं होतं, पोटभर जेवलो आणि सायकल मारत एकच्या आधी दहा मिनिटं पोचलो. तर अ संघाची मॅच नुकतीच संपलेली. त्या दिवशी दशमी होती, द्वादशी नव्हती. दशमीला सुकती दीडची, मॅच साडेअकराला लागली. माझ्या जागी दुसऱ्याला उभा केला, त्या पठ्ठ्यानं दोन स्टंपिंग केले आणि पुढची नऊ वर्षं तो तिथून हलला नाही. अ संघाचा कॅप्टन म्हणाला, ज्याला वेळेवर येता येत नाही तो कीपर काय कामाचा? टोपी परत घेतली. पुन्हा कधी आली नाही.

म्हातारा म्हणाला, हिशेब चुकला. पुढं तो संघातला नेहमीचा विनोद झाला. कोणी उशिरा आलं की सगळे ओरडायचे, द्वादशी धरलीस का रे? मीही हसायचो. दुसऱ्या दिवशी ब संघाची मॅच होती, त्यात कीपिंग केलं, आणि करतच राहिलो. म्हाताऱ्यावर राग धरला नाही. उलट त्यानं माझ्यावर जीव लावला. मोसमातला पहिला जिताडा त्याच्या जाळ्यात आला की तो आमच्या घरी यायचा, दरवर्षी, तो जाईपर्यंत. पैसे घ्यायचा नाही. बायको म्हणायची, एवढा मोठा मासा बाजारात विकायचा सोडून हा आपल्याला का देतो? मी म्हणायचो, माया आहे त्याची. आणि मिटक्या मारत खायचो.

आता गेल्या मोसमाचं सांगतो. आमच्यात एक डावखुरा बॉलर आला. चोवीस वर्षांचा, रेवदंडा ते अलिबाग रिक्षा चालवायचा. वडील नाहीत, आई सुकी मासळी विकते. त्याचा बॉल ओल्या वाळूवर पडला की उठायचाच नाही, घोट्याएवढाच सरपटत यायचा. कीपिंग करताना माझ्या गुडघ्यांनी मला शिव्या घातल्या, पण मजा काय यायची! त्याच्या जोरावर ब संघ गावच्या स्पर्धेत एकेक मॅच जिंकत गेला आणि चक्क फायनलला पोचला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. फायनल रविवारी, एकादशीला, सव्वादोनची सुकती, दुपारी सव्वाबाराला आमच्याच किनाऱ्यावर.

त्याच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी अ संघाचा कॅप्टन कोर्टाबाहेर माझ्या टेबलाशी आला. हातात प्लास्टिकची पिशवी. आत कोरी करकरीत जर्सी, पाठीवर त्या रिक्षावाल्याचं नाव छापलेलं. त्याच रविवारी मांडव्याला अ संघाची मॅच होती. एका कंपनीची माणसं तिथं बघायला येणार होती, त्यांना कंपनीच्या संघासाठी डावखुरा बॉलर हवा होता, आणि जो आवडेल त्याला ते कामालाही घेतात. मी म्हटलं, आमची फायनल आहे रे त्या दिवशी. तो म्हणाला, “फायनल गावातली, दादा. ही पोराच्या पोटाची गोष्ट आहे. अकरापर्यंत पोचव त्याला.” पिशवी टेबलावर ठेवून गेला.

खोटं कशाला बोलू, मी ती त्याला दिली नाही. घरी आलो आणि तांदळाच्या पिंपात, वरच्या तांदळाखाली सारून ठेवली. मनाशी म्हटलं, उद्या देऊ. शनिवारी सराव होता. तिथं त्यानं नेहमीसारखी बॉलिंग टाकली, पण गप्प गप्प होता. जाताना रिक्षा चालू करायच्या आधी थांबला आणि मला विचारलं, “दादा, मला काही सांगायचं हाय का?” मी म्हटलं, उद्या बारापर्यंत ये, उशीर करू नकोस. तो बरं म्हणाला आणि गेला. मी स्वतःची समजूत घालत होतो. कंपनीवाले काय, पुढच्या वर्षीही येतील. फायनल पुन्हा येणार आहे का? इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं पाठीवर वागवली, एक चषक नको का आम्हाला? बरोबर की नाही? बरोबर नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. म्हणून तर तांदळात लपवली, खुंटीला नाही टांगली.

त्याच संध्याकाळी स्मरणिकेचं लिहायला बसलो. घरात माझी बायको भाताची तयारी करत होती. मी म्हाताऱ्याची गोष्ट लिहायला घेतली, कारण ब संघाच्या इतिहासात तिच्याइतकी गमतीची दुसरी नाही. लिहिलं, सकाळी म्हाताऱ्याची होडी भरतीबरोबर आत आली. ताजे बांगडे आईनं त्याच्याकडूनच घेतले. तेच खाऊन मी मॅचला निघालो. इथं माझा हात थांबला.

होडी भरतीबरोबर आत आली म्हणजे साडेसातला आली. मला आठवतं, कारण आई टोपलीभर बांगडे घेऊन आली तेव्हा रेडिओवर बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. साडेसातची भरती म्हणजे दशमी. ज्यानं त्या दिवशी सकाळी दशमीच्या पाण्यावर होडी आत घेतली, त्यानं दुपारच्या मॅचला द्वादशी कशी धरली? लहानपणापासून समुद्रावर वाढलेला माणूस. त्याला झोपेतून उठवून तिथी विचारली असती तरी बरोबर सांगितली असती. दुसऱ्या दिवशी ब संघाची मॅच होती आणि कीपर मी एकटाच होतो, वर खेळलो असतो तर खाली यायची सोय नव्हती. वीस वर्षं ही गोष्ट मी हसत हसत सांगत आलो. शेतकऱ्याचं डोकं ते, कधी गुणाकारच केला नाही!

मला आधी राग आला. चांगला कचकचीत आला. पण मेलेल्या माणसावर रागावून करायचं काय? मग तो जिताडा आठवला, दरवर्षीचा, आणि दारात उभा राहिलेला म्हातारा. मासा द्यायचा तेव्हा त्याची नजर माझ्याकडे नसायची, उंबऱ्याकडे असायची. मी त्याला आत या म्हणायचो, तो कधीच आत आला नाही.

तेवढ्यात बायको पिशवी हातात घेऊन बाहेर आली. तांदूळ काढायला गेली होती. जर्सी उलगडून तिनं पाठीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, “ही त्याची ना? मग आपल्या पिंपात काय करते?” मी सगळं सांगितलं. म्हाताऱ्याचंसुद्धा. तिनं जर्सीवरचे तांदळाचे दाणे झटकले, घडी घातली आणि म्हणाली, “तुमच्याकडे जिताडासुद्धा न्हाय द्यायला.”

रविवारी सकाळी सातला मी कोळीवाड्यात त्याच्या घरी गेलो. वाटेत एक थाप तयार केली होती, की जर्सी काल उशिरा मिळाली. तो ओट्यावर बसला होता. अंघोळ झालेली, पायात बूट, रिक्षा धुऊन पुसून दारात उभी. त्याची आई आत सुकटाच्या पाट्या भरत होती. मी पिशवी पुढं केली आणि थाप तोंडातून निघणार, एवढ्यात तो म्हणाला, “शुक्रवारीच अ संघाच्या कॅप्टनचा फोन आलता मला, दादा.”

माझी थाप तिथंच मेली. मी विचारलं, मग थांबलास कशाला? दोन दिवस गप्प का राहिलास?

“तुमच्या हातनंच घ्यायची असते ना,” तो म्हणाला. “न्हाय आणली असती तर तुमच्याकडनं खेळलो असतो.”

एवढं साधं बोलला. ना चिडला, ना टोमणा मारला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी सांगून टाकलं, जर्सी शुक्रवारपासून माझ्याकडे आहे आणि मी ती मुद्दाम दिली नाही. तो जर्सी अंगात घालत होता, डोकं आत होतं. डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, तुम्ही किती चांगलं कीपिंग करता ते वर कुणाला ठाऊकच न्हाय. मग माझ्या पाया पडला आणि रिक्षा घेऊन मांडव्याला निघून गेला. त्याच्या आईनं मला चहा दिला. तो कसा प्यालो ते माझं मला माहीत.

फायनल आम्ही दहा जणांत खेळलो आणि चार धावांनी हरलो. शेवटची ओव्हर आमच्या किराणावाल्यानं टाकली, बिचाऱ्यानं जीव तोडून टाकली. पाणी घोट्याला लागत होतं तेव्हा आम्ही स्टंप उपटले. वाईट वाटलं. का वाटू नये? पण मांडव्याला त्यानं तीन गडी घेतले, कंपनीवाल्यांनी नंबर घेतला, आणि दिवाळीनंतर तो कामाला लागला. आता पाळीवर जातो, कंपनीकडून खेळतो. रिक्षा चुलतभाऊ चालवतो.

स्मरणिकेची दोन पानं मी मग लिहून काढली. म्हाताऱ्याचं काय लिहायचं यावर आठवडाभर अडलो. कोळीवाड्यात त्याची नातवंडं आहेत, ती वाचणार. शेवटी लिहिलं, “त्या दिवशी म्हाताऱ्याचा हिशेब चुकला.” तसंच राहू दिलं. पण त्याच्याखाली माझ्याबद्दल मात्र स्पष्ट लिहिलं, की सध्याच्या कॅप्टननं एका खेळाडूची जर्सी दोन रात्री स्वतःच्या घरात लपवून ठेवली, आणि ही चूक नव्हती, जाणूनबुजून केलं. लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप करून करून असं लिहायची सवय झालीय. छापायला द्यायच्या आधी वाटलं, ज्याच्याबद्दल आहे त्याला एकदा दाखवावं.

सुट्टीच्या दिवशी तो अलिबागला माझ्या टेबलाशी आला. उभ्यानंच दोन्ही पानं वाचली. म्हाताऱ्याच्या ओळीवर जरा थांबला, वर माझ्याकडे बघून हसला. कोळ्याचंच पोर ते. दशमी आणि द्वादशीतला फरक त्याला कुणी शिकवायला नको होता. मग खालचं वाचलं. माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि जर्सीबद्दलच्या त्या सगळ्या ओळींवर काट मारली. मी म्हटलं, अरे, खरं आहे ते, राहू दे. त्यानं मान हलवली आणि समासात आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक ओळ लिहिली. मग कागद माझ्यापुढं सरकवला. लिहिलं होतं, “पुढं एकदा दादांचाही हिशेब चुकला.”

ती ओळ मी तशीच टाईप केली. आज स्मरणिकेत आहे, आमच्या दुसऱ्या पानावर, तळाशी.